कुमुदमावशींच्या चार फेऱ्या

कुमुदमावशी कुणाच्याही घरात शिरल्या की आधी खिडकीची चौकशी करतात, मग माणसांची. "काय म्हणतेय?" असं विचारत त्या आत येतात. घरातली सून पुढे होऊन "बरी आहे मावशी" म्हणते, तर मावशी तिच्या बाजूने निघून सरळ खिडकीपाशी. हँडलला दोन बोटं लावायची, डोळे मिटायचे, काच अर्धा इंच सरकवायची, परत आणायची. मग निकाल: "दमलीय बिचारी." तोवर सून पाण्याचा पेला हातात घेऊन उभी असते.

आमची इमारत लालबागची. आता बावीस मजली आहे, पूर्वी तीन मजल्यांची चाळ होती. मी या इमारतीचा सेक्रेटरी. मला तसं कुणी निवडून दिलेलं नाही. ज्या सभेत निवड झाली तिथे मी वीस मिनिटं उशिरा पोचलो, एवढाच माझा अपराध. तेव्हापासून पाण्याची टाकी, लिफ्ट, कबुतरं आणि कुमुदमावशी हे चारही विषय माझ्या खात्यात आहेत.

मावशींचं वय बहात्तर. लग्न केलं नाही. एका सरकारी कचेरीत जुन्या नोंदींच्या विभागात चौतीस वर्षं काढली. तिथे दीडशे लोखंडी कपाटं होती आणि चाव्या त्याच्या निम्म्यासुद्धा नव्हत्या. साहेबाला एखादा कागद हवा झाला की मावशी आपल्या अंबाड्यातली पिन काढायच्या. पुढेपुढे कानस, पोपटपाना, पेचकस असं सगळं त्यांच्या टेबलाच्या खणात जमलं. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांना शाल-श्रीफळ मिळतं, मावशींनी आधी पेचकस मागून घेतला.

आता त्यांच्या कापडी पिशवीत तोच पेचकस असतो, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी असते, सरकपट्टीत घासायला मेणबत्तीचा तुकडा असतो आणि लग्नपत्रिका असतात. पत्रिका मापासाठी. हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर घ्यायचं तर मावशी पट्टी वापरत नाहीत. जाड पत्रिकेचा कोपरा कापून त्यावर भोकं पाडतात आणि कडेला घराचा नंबर लिहितात. त्यामुळे आठशे तीनच्या खिडकीचं माप कुठल्याशा चि. सौ. कां.च्या अर्ध्या नावावर असतं. "आजकालच्या पत्रिका पातळ असतात," ही त्यांची तक्रार आहे. एखाद्या घरात लग्न ठरलं की मावशी मुलगा काय करतो हे नंतर विचारतात, आधी पत्रिका कुठे छापताय ते विचारतात.

त्यांचं एक वाक्य इमारतीत सगळ्यांना पाठ आहे: "फोटो नको, वस्तू दाखव." कारण लोक हल्ली तुटलेल्या हँडलचा फोटो पाठवतात. अकराव्या मजल्यावरच्या देशमुखांनी माप कळावं म्हणून शेजारी बिस्कीट ठेवून फोटो काढला. मावशींनी विचारलं, "बिस्कीट कुठलं? मोठ्या पुड्यातलं की लहान?" देशमुखांनी बिस्कीट आणायला मुलीला आत पाठवलं, तर तिने ते खाल्लेलं. मग देशमुखांनी हट्टाने मोबाइलवरून हँडल मागवलं. ते आलं, बसलं नाही. दुसरं मागवलं, तेही नाही. तिसऱ्या वेळी मावशींनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं. "अरे, हे डाव्या बाजूचं आहे. तुझी खिडकी उजवी. तिन्ही वेळा डावंच मागवलंस?" देशमुख मोठ्या कंपनीत संगणकाचं काहीतरी मोठं काम करतात. त्यांनी ती तिन्ही हँडलं मुकाट्याने मावशींच्या पिशवीत टाकली.

आता या खिडक्यांबद्दल सांगायला हवं. चाळीत आमच्या खिडक्यांना लाकडी झडपा आणि लोखंडी खिट्टी होती. टॉवरमध्ये आलो तर सरकत्या काचांच्या खिडक्या, त्यांना अर्ध्या चंद्राच्या आकाराचं हँडल आणि त्या हँडलच्या पोटात इवलंसं कुलूप. प्रत्येक घराला बोटाच्या पेराएवढ्या दोन चाव्या मिळाल्या. "खिडकीला कुलूप? खिडकी काय तिजोरी आहे?" असं माझी आई चार दिवस सगळ्यांना विचारत होती. पण स्वयंपाकघराची खिडकी बाहेरच्या पॅसेजमध्ये उघडते, त्यामुळे कुलूप हवंच, असं बिल्डरच्या माणसाने समजावलं.

मग आमच्या लोकांनी आमच्या लोकांसारखंच केलं. राहायला आल्यावर तळमजल्यावर सामुदायिक सत्यनारायण घातला. नव्या घराची लक्ष्मी म्हणून प्रत्येक घरातून खिडकीच्या चाव्या आणून एकाच मोठ्या परातीत देवापुढे ठेवल्या. त्यावर हळदीकुंकू वाहिलं, फुलं वाहिली, आणि तीर्थ शिंपडताना कुणाचा तरी धक्का लागून ती परात उलटली. ज्यांनी आपल्या चाव्यांना चिठ्ठ्या बांधल्या होत्या त्यांच्या चिठ्ठ्या तीर्थात भिजून गेल्या. त्यानंतर तासभर जे झालं त्याला पूजा म्हणता येणार नाही. "ही माझी, हिला हळद जास्त लागलीय." "नाही हो, माझीच, मी ओळखते ना." शेवटी ज्याच्या हाताला जी लागली ती तो घेऊन गेला. आणि चमत्कार असा की सगळ्यांच्या खिडक्या उघडल्या. माझी आई अजून सांगते, देवाने बरोबर ज्याची त्याला दिली.

दोन-तीन वर्षांत त्या चाव्या हरवायला लागल्या. एवढीशी वस्तू, ती लोणच्याच्या बरणीत सापडायची, कधी पीठ चाळताना, कधी सापडायचीच नाही. आणि चावी हरवली की मावशींना बोलावणं. मावशींच्या कामाला चार फेऱ्या लागतात. पहिली पाहणीची. दुसरी मापाची. तिसरी चावी लावून बघायची. ती कधीच बसत नाही, "अजून घासायला लागेल" म्हणून परत जाते. चौथी खात्रीची. "घाई कसली? खिडकी कुठे पळून जातेय?" असं त्या म्हणतात. प्रत्येक फेरीला कमी साखरेचा चहा, आणि चहाबरोबर त्या घराची सगळी हालहवाल: गुडघा कसा आहे, धाकटीचा निकाल लागला का, गावच्या घराचं छप्पर झालं का. माणसांना त्या अजून चाळीतल्या खोलीच्या नंबराने ओळखतात. पैसे घेत नाहीत. आमच्याकडे आल्या तेव्हाही चार फेऱ्या झाल्या होत्या. मी ऑफिसात असायचो, संध्याकाळी आई सांगायची, आज कुमुद येऊन गेली.

परवाच्या गुरुवारी मी सोसायटीच्या ऑफिसात कागद चाळत बसलो होतो. उकाडा मरणाचा, आणि तिथल्या खिडकीची चावी कधीच गहाळ झालेली. माझ्या जुडग्यात घरच्या खिडकीची, मावशींनी करून दिलेली चावी होती. नुसता चाळा म्हणून लावून पाहिली. फिरली. खिडकी उघडली.

मग गळतीचं निमित्त काढून बाराव्या मजल्यावर कदमांकडे गेलो आणि त्यांचं लक्ष नसताना त्यांच्या खिडकीलाही लावून पाहिली. तीही फिरली. सत्यनारायणाचा चमत्कार मला त्या क्षणी उलगडला. कंत्राटदाराने सगळ्या इमारतीला एकाच चावीची कुलुपं ठोकली होती, आणि आम्ही सात वर्षं आपापली चावी छातीशी धरून बसलो होतो.

दोन गोष्टी एकदम डोक्यात आल्या. एक, पॅसेजमधून कुणीही कुणाच्याही स्वयंपाकघराची खिडकी उघडू शकतं. हे रविवारच्या सभेत सांगणं मला भागच आहे. दुसरी, कुमुदमावशींना हे माहीत नसणं शक्यच नाही.

मी चौथ्या मजल्यावर गेलो. मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. एकट्या माणसाला लागेल त्याच्या चौपट जुडी होती.

"मावशी, सगळ्या चाव्या एकच आहेत."

त्यांनी मान वर केली नाही. "कुठे कुठे लावून पाहिलीस?"

"ऑफिसात आणि कदमांकडे."

"दोन ठिकाणी पाहून निष्कर्ष काढलास? आमच्या कचेरीत असं केलं असतं तर साहेबांनी—"

"मावशी!"

"आहेत एकच," त्या म्हणाल्या. "पूजेच्या आधी मी माझ्या चावीला निळा दोरा बांधला होता. ती दोऱ्याची चावी दुसरंच कुणी घेऊन गेलं आणि मला मिळालेली माझ्या खिडकीला बसली. तेव्हाच कळलं." त्यांनी उठून कपाटातून पत्र्याचा डबा काढला. आत सत्तर-ऐंशी चाव्या असतील, सगळ्या सारख्या. कंत्राटदाराचा माणूस काम संपवून जाताना उरलेल्या टाकून देत होता, त्या यांनी मागून घेतल्या होत्या.

मला रागच आला. "मग आमच्याकडे चार वेळा कशाला आलात? पाच मिनिटांचंही काम नव्हतं."

"तू घरी होतास का चारही वेळा?"

"नाही."

"तुझी आई होती. तिला विचार, कशाला आले होते."

आईला मी खरंच कधी विचारलं नव्हतं.

मावशी पुन्हा मेथीकडे वळल्या आणि तिच्याशीच बोलल्यासारखं बोलू लागल्या. "चाळीत दार कधी लावलं नाही रे. इथे आले, तर पहिलं वर्षभर दारात चप्पल अडकवून ते उघडं ठेवायची. येणारा-जाणारा दिसायचा. मग तुझी ती नोटीस आली, सुरक्षेच्या कारणास्तव दारं बंद ठेवावीत. लावलं. दार लावलं तर चार-चार दिवस कुणाचा आवाज नाही. एकदा दुधाची पिशवी द्यायला आलेल्या मुलीशी बोलायला गेले, तर घशातून आवाजच फुटेना. त्या दिवशी मी घाबरले. कुणाच्या घरी उगाच कसं जायचं? इथे कामाशिवाय कुणी कुणाकडे जात नाही. मग तळमजल्यावरच्या सावंतीणीची चावी हरवली."

त्या नोटिशीवर सही माझी होती. इमारतीच्या सगळ्या नोटिशींवर असते.

"रविवारी सांग सभेत," त्या म्हणाल्या. "सांगायलाच हवं. सेक्रेटरी आहेस. उद्या खरंच कुणी चोर शिरला तर? नवीन कुलुपं बसवा, वेगळ्या चाव्यांची." मग डब्याचं झाकण लावताना हळूच म्हणाल्या, "चाळीतल्या सगळ्या घरांत माझं जाऊन झालं. दोन भाड्याने दिलीत, ती सोड. एक राहिलं."

"कुठलं?"

"सुलभाचं. तिची चावी कधी हरवतच नाही."

सुलभाकाकी चाळीत मावशींच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. मधल्या भिंतीवर वाटी आपटली की पलीकडे चहाचं आधण चढायचं. मावशींची आई गेली त्या रात्री काकींनी घरचं सगळं टाकून तेरा दिवस मावशींच्या खोलीत अंथरूण घातलं होतं. टॉवर बांधून होईपर्यंत अँटॉप हिलच्या बाजूला ट्रान्झिट कॅम्पात होतो तेव्हाही दोघी एकाच मजल्यावर. टॉवरमध्ये घरं चिठ्ठ्या काढून दिली. मावशी चौथ्यावर आल्या, काकी सतराव्यावर गेल्या. पहिल्याच वर्षी मावशी एकदा वर गेल्या होत्या. काकींचा मुलगा संदीप घरून काम करतो. काकींनी दार थोडं उघडून सांगितलं, "थांब हं जरा, आत मीटिंग चाललीय." मावशी त्या दारातून परत आल्या त्या पुन्हा वर गेल्या नाहीत.

"भांडण नाही रे झालं," मावशी म्हणाल्या. "भांडण झालं असतं तर मिटवायला तरी गेले असते."

शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर मी सतराव्या मजल्यावर गेलो. सभेची आठवण करून द्यायला आलोय, असं संदीपला सांगितलं. तो कानाला यंत्र लावून आत कुणाशी तरी इंग्रजीत भांडत होता. काकींनी मला आपल्या खोलीत नेलं. खोली कोंदट, पंखा गरम हवा फिरवत होता, आणि खिडकी बंद.

"उघडा की काकी."

"चावी कुठाय? तीन वर्षं झाली हरवून. चौथं लागलं."

मी चकितच झालो. "मग कुमुदमावशींना सांगायचं ना!"

"कशाला सांगायचं?" काकींचा आवाज एकदम चढला. "अख्ख्या इमारतीत फिरते ती. ज्याच्या त्याच्याकडे चार-चार वेळा जाते, मला कळतं सगळं. माझी खिडकी तीन वर्षं बंद आहे, ते दिसत नाही तिला?"

"सतराव्या मजल्यावरचं खालून काय दिसणार?"

"बघायचं असलं की दिसतं. त्या दिवशी थांब म्हटलं मी तिला, जा नाही म्हटलं. आत जाऊन पोराला दम देऊन बाहेर आले, तर लिफ्ट खाली गेलेली. तिने आपणहून यायला हवं. बोलावल्यावर काय, प्लंबरही येतो."

जाताना त्यांनी मला बजावलं, मी बोलावलंय असं तिला सांगशील तर खबरदार. एकीला निमित्ताशिवाय जायचं नाही आणि दुसरीला निमित्ताने आलेली नको. दोघी मिळून दीडशे वर्षांच्या जवळपास आहेत आणि दोघींची समजूत माझ्या सातवीतल्या मुलीएवढी. असं मी लिफ्टमध्ये स्वतःशी म्हटलं खरं, पण मला हसू आलं नाही.

मावशींना मी जेवढं खरं तेवढंच सांगितलं. "सुलभाकाकींची खिडकी तीन वर्षं बंद आहे. चावी हरवलीय."

"तिने बोलावलं?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. खोलीत फार उकडतं."

मी निघालो. माझ्याच्याने एवढंच होण्यासारखं होतं, आणि ते पुरलं नाही असंच मला वाटलं.

शनिवारी सकाळी दहा वाजता आमची बेल वाजली. दारात मावशी. इस्त्रीची साडी, पिशवी खांद्याला. "वर येतोस? पिशवी जड आहे," त्या म्हणाल्या. पिशवी नेहमीचीच होती. मी ती घेतली. लिफ्टमध्ये त्यांनी चारदा पदर सारखा केला. सतराव्या मजल्यावर बेल दाबायला हात पुढे केला, मागे घेतला, मग दाबली.

दार काकींनीच उघडलं. सहा वर्षांत दोघींचेही केस पार पांढरे झालेले.

"खिडकी बघायला आले," मावशी म्हणाल्या.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. वाटलं, बघावी."

मी पॅसेजच्या छताकडे पाहत होतो. तिथे रंगाचा एक पोपडा सुटलाय, तो सेक्रेटरी म्हणून मला पाहायलाच हवा होता.

"ये," काकी म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या.

मावशी खोलीत गेल्या त्या थेट खिडकीपाशी. आज ना दोन बोटं, ना डोळे मिटणं. मापाची पत्रिका काढली नाही, मेणबत्ती काढली नाही. कनवटीची चावी काढली, कुलपात घातली, फिरवली. हँडल खाली आलं आणि तीन वर्षं जागची न हललेली काच त्यांनी दोन्ही हातांनी रेटून सरकवली. वारा आत आला. चिंचपोकळीच्या बाजूचे भोंगे, हॉर्न, कुठल्यातरी इमारतीची ठोकाठोक, सगळं एकदम खोलीत आलं. पलंगावरची चादर हलली.

"झालं," मावशी म्हणाल्या.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं. पाहणी, माप, घासणं, खात्री, चारही फेऱ्या त्यांनी घाईघाईत एकाच मिनिटात संपवून टाकल्या होत्या. त्यांनी हँडल एकदा उगाचच वर-खाली करून पाहिलं. त्यात काही दोष निघेना. मला त्यांच्याकडे पाहवेना.

"काही लागलं तर कळव," त्या म्हणाल्या आणि चावी काकींपुढे धरली. "ही घे. देवघरात ठेव म्हणजे हरवायची नाही."

काकींनी चावी घेतली. मी मध्येच म्हटलं, "काकी, उद्या सभेत नवीन कुलुपांचा विषय आहे. ही बहुतेक बदलतील."

"बदला. उद्या बदला नाहीतर परवा," काकी म्हणाल्या. बोलताबोलता त्यांनी मावशींच्या पदराचं टोक हातात घेतलं, त्यात चावी ठेवली आणि गाठ मारायला लागल्या. बोटं सुजलेली, गाठ पटकन बसेना. "मला मेलीला काही आठवत नाही हल्ली, कुठे काय ठेवते ते. ही तुझ्याकडेच राहू दे. नवी येईल तीही तुझ्याकडेच. सकाळी उघडायला ये, संध्याकाळी लावायला ये."

"रोज?" मावशींनी विचारलं.

"मग काय गो, वारा रोज नको मला?"

काकींनी गाठ ओढून घट्ट केली, पण पदर सोडला नाही. मावशींनीही तो सोडवून घेतला नाही. मी पिशवी भिंतीशी ठेवली आणि दार ओढून घेऊन खाली आलो. चहाला थांब असं मला कुणी म्हटलं नाही.